किल्ल्याच्या बागेतली रविवारची मंडळी

सोलापुरात चादरीच्या दुकानात कधी गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, थप्पीतली तळाची चादर ओढायची नसते. ओढली की वरची सगळी थप्पी अंगावर येते. आमच्या रविवारच्या मंडळींच्या किश्श्यांचं तसंच झालंय. कोणी नुसतं विचारावं, "काय गं कुसुम, ते तुमचं किल्ल्याचं खूळ अजून चालू आहे का?" मी एक सांगायला घेते आणि त्याच्या मागून चार घसरत येतात. ऐकणाऱ्याचा चहा निवतो आणि आई आतून ओरडते, "तिला कोणी किल्ल्याचं विचारू नका म्हणून सांगितलं होतं ना!"

तर आता लिहूनच काढते.

मंडळी म्हणजे आम्ही चौघं. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली आणि राग फार लवकर येणारी. मल्लिनाथ, भवानी पेठेतल्या सुतळी-पोत्यांच्या दुकानदाराचा मुलगा. घरी कानडी, बाहेर मराठी आणि भांडताना दोन्ही. पद्मा, पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. तिचे वडील नरसय्या चादरी विणतात, घरातच माग आहेत. आणि रशीद, फोटो स्टुडिओत कामाला. स्टुडिओच्या मालकाचा कॅमेरा रविवारी त्याच्या गळ्यात असतो.

आणि दगडूमामा. ते मंडळात नाहीत, पण त्यांच्याशिवाय मंडळ नाही. ते किल्ल्याच्या बागेचे वॉचमन. मोहोळकडचे. खाकी शर्ट, डोक्याला पटका आणि गळ्यात शिट्टी.

* * *

आम्ही जमलो ते गाळात.

दुष्काळाच्या साली सिद्धेश्वर तलावाचं पाणी पार तळाला गेलं होतं. देवळाच्या पायऱ्या, ज्या आम्ही जन्मात पाहिल्या नव्हत्या, त्या उघड्या पडल्या. कॉलेजच्या पोरापोरींनी ठरवलं, गाळ उपसायचा. रांग लावली. हातातून हातात घमेली.

मल्लिनाथला दुकानातली एक सवय. पोतं हातात आलं की आधी त्याला एक थाप मारायची, मग पुढं द्यायचं. का, ते त्यालाही माहीत नाही, वडील मारतात म्हणून तो मारतो. त्यानं घमेल्यालाही तीच थाप मारायला सुरुवात केली. प्रत्येक थापेला गाळाचे शिंतोडे शेजारणीच्या तोंडावर. शेजारीण म्हणजे पद्मा. तिनं दोनदा पदरानं तोंड पुसलं. मग पुढचं घमेलं घेतलं आणि सगळंच्या सगळं त्याच्या पायावर ओतलं.

"आता मार थाप!"

रांगेत हशा. मल्लिनाथ घोट्यापर्यंत काळा. मला वाटलं, आता हा उद्या यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा पुन्हा तिच्याच शेजारी उभा. मी म्हटलं, "अरे, पलीकडच्या टोकाला माणसं कमी आहेत, तिकडं जा की."

तो म्हणाला, "तिथला गाळ चांगला नाही."

* * *

गाळ संपला, पाऊस झाला, तलाव भरला आणि आम्ही चौघं रिकामे झालो. मला रिकामं बसवत नाही. आपल्या गावात भुईकोट किल्ला, किल्ल्याच्या पायाशी तलाव, तलावात देऊळ. दुसऱ्या कुठल्या गावाकडं असतं तर त्यांनी जग डोक्यावर घेतलं असतं. आणि आपली माणसं बागेत येतात, शेंगा खातात, टरफलं टाकून घरी जातात! मी जाहीर केलं, दर रविवारी संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला किल्ला समजावून सांगायचा. फुकट.

पहिल्या रविवारी आम्हाला एकच गिऱ्हाईक मिळालं. मोहोळ तालुक्यातलं एक कुटुंब. दवाखान्याच्या कामाला आलेलं, गाडीला वेळ होता म्हणून बागेत टेकलेलं. मी सुरू केलं. दुहेरी तट, बुरूज, खंदक, वेढे, कोणी बांधला, कोणी जिंकला, कोणी पुन्हा जिंकला. मला स्वतःला भरून आलं होतं. म्हातारी आजी मोठ्या गंभीरपणे ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिनं विचारलं,

"लई मोटं काम हाय. आता हितं ऱ्हातंय कोण?"

"आता कोणी नाही राहत, आजी."

"कुनीच न्हाय?"

"कोणीच नाही."

आजीनं दाराशी उभ्या असलेल्या दगडूमामांकडं बघितलं. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा.

"मग ह्यो बाबा रोज कुलूप कुनासाटी लावतूय?"

मी मामांकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं. इतिहासाच्या पुस्तकात याचं उत्तर नव्हतं, आणि मामा इतकी वर्षं कुलूप लावताहेत, त्यांनाही हा प्रश्न कधी पडला नव्हता.

त्या दिवशी कुलूप लावताना मामा मला म्हणाले, "बाई, त्या म्हातारीनं माजी नोकरीच घालवली असती की!"

* * *

मामांची शिट्टी फूल तोडलं की वाजायची, थुंकलं की वाजायची. पण तिचं खरं काम तिसरंच. एका बाकावर मुलगा आणि मुलगी जवळजवळ बसली की ती अशी काही वाजायची की तलावावरचे बगळे उडायचे. हा नियम कुठल्या पाटीवर नव्हता. तो मामांनीच केलेला.

"बसा की, कोन नगं म्हनतंय? पर मदी पिशवी पायजे."

तर मल्लिनाथ आणि पद्माच्या मध्ये पिशवी आली. पहिल्यांदा माझी शबनम, पुस्तकांनी फुगलेली. पलीकडचा माणूस दिसायचा नाही. पुढं मला पुस्तकं लागली म्हणून तिथं पद्माची पिशवी आली. तिच्यात फक्त एक छत्री. मग छत्री घरी राहायला लागली. मग पिशवीही घरी राहायला लागली.

एका रविवारी शिट्टी वाजली. मामा तरातरा चालत आले.

"पिशवी कुटं हाय?"

मल्लिनाथनं मधल्या जागेकडं बोट दाखवलं. तिथं एक हातरुमाल होता.

"ही पिशवी व्हय?"

"पिशवीच आहे मामा. घडी घातलीय."

मामांनी रुमाल उचलला, उलटापालटा केला, पुन्हा होता तिथं ठेवला.

"इस्तरी करून आनलीय जनू," असं म्हणून ते निघून गेले. जाताना त्यांनी फूल तोडणाऱ्या एका भल्या गृहस्थावर मात्र इतकी जोरात शिट्टी मारली की त्याच्या हातातलं फूल खाली पडलं.

* * *

रशीदचं आणि माझं एका गोष्टीवरून कायमचं भांडण. बागेत येणाऱ्यांना तो फोटो काढून द्यायचा, आणि प्रत्येक फोटोत मागे तलावातलं देऊळ. मी म्हणायची, "अरे, जरा तोंड फिरव की! मागं एवढा किल्ला उभा आहे!"

"बाई, लोगां कू किल्ला नक्को, देवळ होना," तो म्हणायचा. "किल्ले में कौन हात जोडता?"

अशात पद्माच्या घरून निरोप आला. भिवंडीचं एक स्थळ आलं होतं, त्यांच्यातलंच, स्वतःचे यंत्रमाग असलेलं. मुलीचा फोटो पाठवायचा होता. आणि नरसय्यांनी तो काढायचं काम दिलं कोणाला? रशीदला! पोरगा ओळखीचा, सभ्य, शिवाय रविवारी बागेत असतोच.

पद्मा त्या दिवशी जरीची साडी नेसून आली. तोंड एवढंसं. मल्लिनाथ "मी लांब थांबतो" म्हणाला आणि खरंच लांब थांबला. रशीदनं फोटो काढले. जिन्यावर, बुरजाशी, तलावाच्या कठड्याशी.

आठवड्यानं रशीद प्रिंट घेऊन पद्माच्या घरी गेला. मी सोबत होते. नरसय्यांनी माग थांबवला, हात पुसले आणि फोटो घेऊन खिडकीशी गेले. चादर तपासतात तसे एकेक फोटो उजेडाकडं धरून बघायला लागले.

पहिल्या फोटोत पद्माच्या मागे, लांब, एक तरुण बुटाची नाडी बांधत होता. दुसऱ्यात तोच तरुण माशांना चुरमुरे टाकत होता. तिसऱ्यात नुसताच उभा होता, आणि कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. तो बघत होता ते पद्माकडं.

नरसय्यांनी तिन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले.

"दोष एकदा आला तर धाग्याचा असतो," ते शांतपणे म्हणाले. "पुन्हा पुन्हा एकाच जागी आला तर मागाचा असतो. कोण आहे हा?"

रशीदनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. पद्मा आतल्या दारात उभी होती, तिनंच सांगितलं, "मल्लिनाथ आहे, नान्ना. भवानी पेठेतला."

नान्ना म्हणजे वडील. त्यांनी माग पुन्हा सुरू केला. पण फोटो भिवंडीला गेले नाहीत.

* * *

पुढच्या रविवारी नरसय्या स्वतः बागेत आले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात शेंगांचा पुडा. मल्लिनाथला आदल्या दिवशीच कळलं होतं. तो नवा कोरा शर्ट घालून आला होता, मुंबईहून त्याच्या सख्ख्या मामानं आणलेला, चकचकीत. रशीद म्हणाला, "दुल्हा लगरा रे!"

त्यानं वाकून नमस्कार केला. नरसय्यांनी त्याला वर उठवलं आणि त्याच्या शर्टाची कॉलर धरली. दगडूमामांची शिट्टी ओठापर्यंत आली.

नरसय्यांनी कॉलर उलटी केली. आतली बाजू बघितली. दोन बोटांत कापड चोळलं. नाकाशी नेलं.

"कुठलं?"

"मुंबईचं."

"हं." त्यांनी कॉलर सोडली, नीट बसवून दिली. "दोन धुण्यात जाईल."

झालं! एवढंच! नाव नाही विचारलं, शिक्षण नाही, दुकान किती मोठं ते नाही. तलावाकडं बघत शेंगा खाल्ल्या आणि घरी गेले. मल्लिनाथ आठवडाभर मला विचारत होता, "कुसुम, ते शर्टाबद्दल बोलले की माझ्याबद्दल?"

मी म्हटलं, "तू शर्ट बदल आधी."

* * *

इथून माझा संयम संपला. मुळात तो थोडाच होता.

मी पद्माला म्हटलं, "आपण एकविसाव्या वर्षाच्या पुढं आहोत, शिकलेल्या आहोत. रजिस्टर लग्न करा. मी आणि रशीद सह्या करतो. जात, भाषा, भिवंडी, सगळं एका दुपारी संपेल!"

पद्मानं शांतपणे ऐकलं. ती वडिलांसारखीच आहे, आधी सगळं उजेडाला धरून बघते.

"कुसुम, मी लहान होते तेव्हा नान्ना माग चालवताना मला मांडीवर घेऊन बसायचे. धोटा इकडून तिकडं जायचा तशी मी मान हलवायचे. मला झोप लागली की ते माग बंद करायचे. त्या दिवशीची चादर अर्धीच राहायची. नान्नांच्या हातच्या अक्षता डोक्यावर पडल्याशिवाय मी कोणापुढं उभी राहणार नाही. मल्लिनाथला सांगितलंय. तो थांबतो म्हणालाय."

"किती दिवस?"

"ते नाही विचारलं त्यानं."

मला इतका राग आला! आणि तिच्यासमोर रडू यायला नको म्हणून मी किल्ल्याचा बुरूज बघायला गेले, जो मी हजार वेळा बघितला होता.

* * *

नरसय्या आता दर रविवारी यायला लागले. आले की सरळ बाकाशी जायचे. मल्लिनाथ एका टोकाला, पद्मा दुसऱ्या टोकाला, मध्ये रुमाल. नरसय्या रुमाल उचलून मल्लिनाथच्या हातात द्यायचे आणि स्वतः मध्ये बसायचे. मग पुडा उघडायचा. एक मूठ शेंगा उजवीकडं, एक मूठ डावीकडं. तिघंही शेंगा फोडत देवळाकडं बघत बसायची.

दगडूमामा लांबून बघायचे. एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,

"बाई, आता मला त्या बाकाकडं बघाया नगं. पिशवी सोताच्या पायानं चालत येतीय!"

* * *

एका रविवारी मी ठरवून गेले. मल्लिनाथ-पद्माला रशीदबरोबर तिकडं पाठवलं आणि नरसय्यांच्या शेजारी बसून भाषण सुरू केलं. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत केलं होतं त्याहून चांगलं. माणूस कुठल्या घरात जन्मतो यात त्याचं काय कर्तृत्व? भाषा ही भिंत का असावी? पद्माच्या मनाला काही किंमत आहे की नाही? आपण नवा समाज बांधायचा की जुन्या तटांची पहारेदारी करायची? बोलता बोलता मी उभी राहिले होते. बाजूच्या बाकावरची माणसं वळून बघत होती. एकानं तर टाळी वाजवली.

नरसय्या मन लावून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं आणि सोललेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

"छान बोलतेस पोरी. खरं बोलतेस. तुझं लग्न झालं काय?"

"नाही."

"वडील आहेत?"

"आहेत."

"मग त्यांना एकदा पाठव की माझ्याकडं," ते म्हणाले. "दोघं बसून जरा रडू."

मी हसले. मग बघितलं तर त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी शेंगा खाल्ल्या. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधी बसले नसेन.

* * *

मल्लिनाथच्या घरची बाजू अजून राहिली होती. त्याची आई, आम्ही सगळेच तिला अव्वा म्हणतो, एकदा बागेत आली. डब्यात कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. पद्माला समोर बसवून खाऊ घातलं, आणि ती खाताना एकटक बघत राहिली. लिंगायतांचं घर, पूर्ण शाकाहारी. अव्वाच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारायला तिला लाज वाटत होती.

"पोरी, तुमच्यात खातात म्हणे."

"काय अव्वा?"

"तेच ते."

"मटण? हो, खातो की."

अव्वानं उसासा टाकला. "लग्न झाल्यावर सोडशील काय?"

"सोडीन," पद्मा म्हणाली. "पण मल्लिनाथ सोडेल का, ते आधी त्याला विचारा."

अव्वा सावकाश मुलाकडं वळली.

"हौदा?"

खरं का, असं विचारायला कानडीत एवढा एकच शब्द लागतो. मल्लिनाथ किल्ल्याच्या तटाकडं असा बघायला लागला जणू त्याला इतिहासाची आत्ताच गोडी लागली. आणि रशीद? तो कठड्याशी जाऊन घाईघाईनं माशांना चुरमुरे टाकायला लागला.

"रशीद! मासे जेवले आता. इकडं ये."

रशीद आला.

"तुझ्या घरी खाल्लं त्यानं?"

"हौ अव्वा."

"कोण करतं?"

"अम्मी."

"तिखट-मीठ नीट घालते काय?"

"एकदम बराबर घालती, अव्वा."

अव्वानं थोडा विचार केला. "अय्यो शिवने! बरं झालं. मला वाटलं, हॉटेलातलं खातोय की काय."

मग पदराच्या टोकानं मल्लिनाथला एक फटका दिला, आणि पद्माच्या ताटात आणखी एक भाकरी मोडून टाकली.

अव्वा तयार झाली. राहिले नरसय्या. आणि त्यांचं काय चाललंय ते कोणाला कळत नव्हतं. दर रविवारी शेंगा, दर रविवारी गप्प. भिवंडीचं स्थळ पुन्हा विचारत होतं. पद्माची आई म्हणाली होती, "संक्रांतीची यात्रा होऊ दे, मग त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागेल." कोणाला आणि काय उत्तर, ते तिलाही माहीत नव्हतं.

* * *

आता गेल्या संक्रांतीची गोष्ट.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. एका कुंभाराच्या मुलीनं आमच्या ग्रामदैवताशी, सिद्धेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते संन्यस्त. त्यांनी आपला योगदंड पुढं केला, त्याच्याशी लग्न लाव म्हणाले. तेच लग्न दर संक्रांतीच्या यात्रेत तलावाकाठी, संमती कट्ट्याशी लागतं. उंच उंच नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या काठ्या, नवरदेवासारखे येऊन उभे राहतात, मंगलाष्टकांसारखं संमतीचं वाचन होतं, आणि सगळं सोलापूर वऱ्हाडी. कोण कुठल्या जातीचा, कोण कुठली भाषा बोलतो, कोणी विचारत नाही. प्रत्येकाच्या मुठीत अक्षता असतात.

आम्हीही गेलो होतो. पुढं नरसय्या आणि पद्माची आई. मागं पद्मा आणि मी. रशीद कॅमेरा डोक्यावर धरून. दगडूमामा सुट्टीवर होते, तरी गळ्यात शिट्टी होतीच. मल्लिनाथ खरं म्हणजे त्याच्या घरच्यांबरोबर नंदीध्वजांच्या बाजूला असायला हवा होता. पण गर्दीनं ढकलत ढकलत त्याला बरोबर पद्माच्या शेजारी आणून उभं केलं, असं तो अजूनही शपथेवर सांगतो. अंगात पांढरी बाराबंदी, कपाळावर भस्म.

मी म्हटलं, "जा की पलीकडं! नान्ना पुढंच आहेत."

तेवढ्यात नरसय्या वळले.

त्यांनी मल्लिनाथला बघितलं. पद्माला बघितलं. मग हात पुढं करून बाराबंदीची कड धरली, उलटी केली, दोन बोटांत चोळली. त्या गर्दीत, त्या गलक्यात, सावकाश.

"जाडंभरडं आहे," ते म्हणाले. कड नीट बसवून दिली. "टिकेल."

आणि पुन्हा पुढं वळले.

वाचन सुरू झालं. गर्दी एकदम शांत झाली. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हटलं की हजारो हात वर जायचे आणि नंदीध्वजांच्या दिशेनं अक्षता उधळल्या जायच्या. पद्माच्या आईनं टाकल्या. मी टाकल्या. मामांनी टाकल्या. नरसय्यांच्या दोन्ही मुठी मिटलेल्याच. मला त्यांच्या पाठीकडं बघवेना. पद्मा डोळे मिटून उभी होती, तिच्याही मुठी मिटलेल्या.

पुन्हा "दिड्डम" झालं. पुन्हा हात वर. नरसय्यांचे हात खालीच.

शेवटचं वाचन आलं. "दिड्डम दिड्डम!" सगळ्या सोलापूरचे हात पुढं गेले, आणि नरसय्या गर्रकन मागं वळले. उजवी मूठ वर नेली आणि उघडली.

अक्षता पद्माच्या केसांवर पडल्या. मल्लिनाथच्या भस्मावर चिकटल्या. काही माझ्या चष्म्यावर आल्या, त्यामुळं पुढचं मला नीट दिसलं नाही. पण ऐकू आलं.

पद्माची आई घाबरून ओरडली, "एमंडी! देवुडु अटु!"

म्हणजे अहो, देव तिकडं आहे!

"माहीत आहे," नरसय्या म्हणाले.

मग ते पुढं वळले आणि डाव्या मुठीतल्या अक्षता देवाकडं उधळल्या.